शेअर सर्टिफिकेट नॉमिनीच्या नावावर, बहिणीची सही "नंतर देतो" म्हणतात. मुलुंड पूर्वचा फ्लॅट घ्यावा का?

भाड्याच्या_घरातला

नमस्कार मंडळी, इथे बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतोय, जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या. मुलुंड पूर्वेला एक रिसेल वन बीएचके बघितलाय, ४२० कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही पण हवा मस्त आहे आणि बायकोची शाळा चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे तिने पहिल्या भेटीतच मिक्सर कुठे ठेवायचा ते ठरवून टाकलंय. भाव १ कोटी ८ लाख. त्यातले ८ लाख रोख द्या म्हणतात.

फ्लॅट विक्रेत्याच्या वडिलांचा, बिल्डरकडून १९८३ साली घेतलेला. अ‍ॅग्रीमेंट चक्क पाच रुपयांच्या स्टॅम्पवर आहे, ओरिजिनल मी डोळ्यांनी बघितलं. वडील २०१६ ला गेले, हा नॉमिनी होता म्हणून सोसायटीने २०१७ ला शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीचा मेंबर असल्याचा दाखला, त्याच्या नावावर करून दिलं. आई २०२१ ला गेली. मृत्युपत्र कुणाचंच नाही. एक बहीण आहे नाशिकला, तिचं काही म्हणणं नाही, ती नोटरीकडचं अ‍ॅफिडेव्हिट देईल पण "सवडीने". ब्रोकर म्हणतो सर्टिफिकेटवर नाव आहे म्हणजे मालक तोच, अ‍ॅफिडेव्हिट पण खरं तर लागत नाही, तुमच्या समाधानासाठी देतोय.

टोकन ५१ हजार मी दिलेत, ब्रोकरच्या नंबरवर जीपे केले. आता रविवारपर्यंत १० लाख आणि पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करू म्हणतोय, दुसरी पार्टी पुण्याहून येतेय म्हणे. आम्ही राहतो त्या घराचं अ‍ॅग्रीमेंट जूनमध्ये संपतंय त्यामुळे मलाही घाई आहे. सासरे म्हणतात सगळं एकट्या त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटी वाचते, ते खरंय का? आणि सोसायटीने ट्रान्सफरचे एक लाख सांगितलेत, "बिल्डिंग फंडाला". काय करू?

माजी_सेक्रेटरी

अहो थांबा थांबा, आधी ते रविवारचं रद्द करा. मी आमच्या सोसायटीत अकरा वर्षं सेक्रेटरी होतो, सर्टिफिकेट ट्रान्सफर कसं होतं ते मला विचारा. मेंबर वारला की नॉमिनेशनचं रजिस्टर काढायचं, फॉर्म घ्यायचा, डेथ सर्टिफिकेटची झेरॉक्स, इन्डेम्निटी बाँड, कमिटीत ठराव, की झालं. घरात आणखी कोण वारस आहेत याची आम्ही काही सीआयडीगिरी करत नाही आणि करायचा अधिकारही आम्हाला नाही. तुम्ही एक करा, सर्टिफिकेट उलटं करून मागची बाजू बघा. तिथे रकाने असतात, तारीख, कुणाकडून कुणाला, खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि एका कमिटी मेंबरची सही. बऱ्याच वेळा तिथे बॉलपेनने बारीक अक्षरात "नॉमिनी म्हणून" असं लिहिलेलं असतं. ते दोन शब्द ब्रोकर कधी वाचून दाखवत नाही.

नॉमिनी म्हणजे सांभाळणारा. सोसायटीला मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं आणि मीटिंगला कुणाला बोलवायचं एवढ्यापुरता. २०१९ ला सहकार कायदा सुधारला त्यात तर स्पष्टच केलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता मेंबर.

आणि एक लाखाचं म्हणाल तर ट्रान्सफर प्रीमियम २५ हजाराच्या वर घेता येत नाही, २००१ चं सरकारी परिपत्रक आहे. शिवाय ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००, बास. बिल्डिंग फंड, ऐच्छिक देणगी, गणपतीची वर्गणी, काही नाव द्या, २५ च्या वर मागितलं की लेखी मागा आणि पावती मागा. लेखी देत नाहीत, अनुभव आहे. (आमच्याही सोसायटीत घ्यायचे, मी येईपर्यंत.)

दहिसरचा_दूधखुळा

माझी कथा ऐका मग ठरवा. २०१४ ला दहिसरला घेतला, सेम टू सेम केस, नॉमिनी मुलगा विकणार, बहीण सासरी, "ताईचं काही नाही हो". ताईने अ‍ॅफिडेव्हिट दिलं पण होतं, नोटरीचा लाल शिक्का, ताईचा फोटो, सगळं. बँकेने लोन पण दिलं. दीड वर्षाने समन्स आलं, ताईने भावावर दावा टाकला आणि मला दुसरा प्रतिवादी केलं. तिचं म्हणणं अ‍ॅफिडेव्हिटवर सही घेतली तेव्हा भावाने सांगितलं की सोसायटीच्या कामासाठी हवीय. खरं खोटं देव जाणे. साडेसहा वर्षं तारखा केल्या. शेवटी मीच भावाच्या मागे लागून, थोडे माझे घालून तिला पैसे दिले आणि तडजोड करून टाकली. ईएमआय एकीकडे, वकिलाची फी एकीकडे. त्या ताईचा राग पण नाही येत मला, भावाने तिला एक रुपया दिला नव्हता, राखी मात्र दरवर्षी बांधून घेत होता.

तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की नोटरी आणि रजिस्ट्रेशन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत तर बरं झालं असतं, म्हणून सांगतोय.

अ‍ॅडव्होकेट_गोरेगाव

कागद न बघता जेवढं सांगता येतं तेवढं सांगते.

वडील मृत्युपत्र न करता गेले तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचा फ्लॅट पत्नी आणि सगळी मुलं, मुलगे मुली दोन्ही, यांच्यात समान वाटला जातो. नॉमिनेशनने त्यात काही फरक पडत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा निकाल ब्रोकर लोक नेहमी अर्धा सांगतात. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर करायला हवेत हे कोर्टाने म्हटलं, ते खरंच आहे, पण त्याच निकालात वारस आपला हक्क वेगळा मागू शकतात हेही म्हटलंय. हे दुसरं वाक्य कोणी सांगत नाही.

बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र, आणि ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालेलं. स्थावर मिळकतीतला हक्क नोटरीच्या कागदावर सुटत नाही, दहिसरवाल्यांनी पावती फाडूनच हे शिकलंय. मोबदला न घेता भावाच्या नावाने सोडत असेल तर स्टॅम्प जेमतेम काहीशे रुपयांचा आहे, म्हणजे खर्चाचं कारण कुणी सांगू नये. नाशिकहून एक दिवस यायचं एवढंच. आणि तिला पैसे हवे असतील तर हक्कसोडपत्राच्या भानगडीत पडूच नका, तिला विक्रेती म्हणून अ‍ॅग्रीमेंटमध्ये घ्या आणि तिच्या हिश्शाचा चेक तिच्या नावाने काढा.

नोटरी केलेल्या साठेखतावर १० लाख अजिबात देऊ नका. स्टॅम्प भरा, रजिस्टर करा, मग मोठी रक्कम. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत रजिस्टर करायचं असतं. टोकनची रक्कम मालकाच्या खात्यात जायला हवी होती, ब्रोकरच्या नाही. आता निदान त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या की कशाचे, कुणाच्या वतीने घेतले आणि टायटल, म्हणजे मालकी हक्क, क्लिअर नसेल तर परत देणार.

पाच रुपयांच्या स्टॅम्पची काळजी करू नका. १० डिसेंबर १९८५ च्या आधी फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटला खरेदीसारखा स्टॅम्प नव्हता, पाच रुपयेच लागायचे. मुंबईतल्या निम्म्या जुन्या सोसायट्यांचे पाया त्या पाच रुपयांच्या कागदावर उभे आहेत.

८ लाख रोख नको. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे, आणि व्यवहार फिसकटला तर तुम्ही ते ८ लाख दिलेत हे सिद्ध कसं करणार? ५० लाखांच्या वरचा व्यवहार आहे म्हणजे १ टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरायचाय, म्हणजे इथे १ लाख ८ हजार, विक्रेते जास्त असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर त्याच्या हिश्शाप्रमाणे. पॅन आधारशी जोडलेला आहे ना ते आधी बघा, नसेल तर तो टीडीएस २० टक्क्यांवर जातो.

सासऱ्यांचं बरोबर आहे. मुंबईत मेट्रो सेस धरून ६ टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ५. तुमच्या १ कोटी ८ लाखांवर ६ लाख ४८ हजार विरुद्ध ५ लाख ४०. पण तुमचं नाव जोडीला घातलं की सवलत गेली. पूर्वी १५ वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ ला काढली. रजिस्ट्रेशन फी ३० हजार, त्यात बाई पुरुष फरक नाही.

कमिशनवाला

मी ब्रोकर आहे, आता शिव्या घाला. पण मॅडम तुम्ही लोक माणसाला एवढं घाबरवता की तो घरच घेत नाही, भाड्यातच म्हातारा होतो. वीस वर्षं धंदा करतोय, मुलुंड भांडुपमधले अर्धे फ्लॅट नॉमिनीवरूनच विकले गेलेत, लोक राहतायत मजेत. लोन घेणार ना हा माणूस? मग बँकेचा वकील सर्च काढतोच की, तीस वर्षांचा. बँक फसेल का?

एक मात्र बरोबर, टोकन स्वतःच्या जीपेवर घेणारा ब्रोकर म्हणजे आमच्या धंद्याला डाग. मी मालकाच्या नावाचा चेक घेतो.

दहिसरचा_दूधखुळा

बँकेने मला पण दिलं होतं की हो लोन, वर लिहिलंय. दावा पडला तेव्हा बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाला तुमचा ईएमआय रेग्युलर आहे, आम्हाला काही प्रॉब्लेम नाही.

अ‍ॅडव्होकेट_गोरेगाव

सर्चमध्ये रजिस्टर झालेले कागद दिसतात, कोर्टातल्या दाव्याची नोटीस कुणी रजिस्टर केली असेल तर ती दिसते. नाशिकला राहणारी बहीण इंडेक्स टू मध्ये, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहारांच्या नोंदीत, दिसत नाही. ती रेशन कार्डवर दिसते. भाड्याच्या_घरातला, विक्रेत्याकडून वडिलांच्या वेळचं जुनं रेशन कार्ड मागा, आणि सोसायटीत पानवाला, वॉचमन, शेजारच्या काकू, यांच्याशी जरा गप्पा मारा. हसू नका, निम्मी टायटल क्लिअर तिथे होते.

भाड्याच्या_घरातला

मॅडम, तुमच्या पाया पडायला हवं. काल संध्याकाळी गेलो. रेशन कार्डचं विचारलं तर विक्रेता म्हणाला हरवलंय. मग खाली येताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, घर बघताय का म्हणाल्या, बसवलं, चहा केला आणि बोलता बोलता म्हणाल्या "थोरल्याचं वाईट झालं हो". मी म्हटलं थोरला कोण? तर एक मोठा भाऊ होता! २०१९ ला वारला, बाबांच्या नंतर, आईच्या आधी. बायको आणि एक मुलगी, मुलगी आता नववीत आहे. वहिनीने २०२२ ला दुसरं लग्न केलं, बदलापूरला असते.

मी परत वर गेलो. विक्रेत्याचा चेहरा पडला, पण लगेच म्हणतो अहो तिने दुसरं लग्न केलंय, तिचा आता या घराशी काय संबंध, आणि पोरगी लहान आहे, तिला काय कळतंय. ब्रोकरला फोन केला तर तो म्हणतो हे मला पण माहीत नव्हतं पण काही प्रॉब्लेम नाही, पेपरात नोटीस देऊ, पंधरा दिवसांत कोणी आलं नाही की क्लिअर. बायको कालपासून बोलत नाहीये, मिक्सरचा कोपरा गेला म्हणून.

गणितमास्तर

मला वारसा कायद्यातली गणितं आवडतात, रिटायर्ड माणूस आहे, वेळ जातो. वहीवर मांडलं, मॅडम चुकलं तर सांगा.

२०१६ ला वडील गेले तेव्हा आई, दोन मुलगे, एक मुलगी, प्रत्येकी पाव. २०१९ ला थोरला गेला, त्याचा पाव त्याची बायको, त्याची मुलगी आणि त्याची आई या तिघींत, प्रत्येकी बारावा हिस्सा. (आईला मुलाचा हिस्सा मिळतो हे लोक विसरतात.) म्हणजे आईकडे पाव अधिक बारावा, एक तृतीयांश झाले. २०२१ ला आई गेली, तिचं तीन शाखांत, धाकटा, बहीण, आणि थोरल्याच्या जागी त्याची मुलगी, प्रत्येकी नववा. इथे सुनेला काही नाही.

छत्तीस भाग केले तर विक्रेत्याचे १३, बहिणीचे १३, पुतणीचे ७, वहिनीचे ३. बेरीज ३६, जुळली. भाव १ कोटी ८ लाख म्हणजे एक भाग ३ लाखांचा, सुंदर आकडा. विक्रेत्याचे ३९ लाख, बहिणीचे ३९, नववीतल्या पोरीचे २१ आणि वहिनीचे ९. म्हणजे जो माणूस पूर्ण फ्लॅट विकायला निघालाय त्याचा त्यात धड ३७ टक्के पण वाटा नाही.

अ‍ॅडव्होकेट_गोरेगाव

मास्तर, पैकीच्या पैकी.

दुसऱ्या लग्नाचं जे सांगतात ते चूक. वहिनीला हिस्सा नवरा गेला त्या दिवशी मिळाला, २०१९ ला, तेव्हा ती त्याची विधवा होती. नंतर तिने लग्न केलं म्हणून मिळालेलं परत जात नाही. पोरीच्या हक्काचा तर आईच्या लग्नाशी काही संबंधच नाही.

आणि खरी अडचण वहिनी नाही, पोरगी आहे. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाची स्थावर मिळकत आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, १९५६ चा कायदा आहे. परवानगी न घेता विकली तर पोरगी अठराची झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकते. आता नववीत म्हणजे चौदा धरा. म्हणजे सात वर्षं तुम्ही तुमच्याच घरात जीव मुठीत धरून बसणार. कोर्ट परवानगी देतं, नाही असं नाही, पण विक्री पोरीच्या भल्याची आहे हे पटवावं लागतं आणि तिचे २१ लाख सहसा तिच्या नावाने एफडीत ठेवायला लावतात. हे करायला काही महिने जातात. पोरीच्या वतीने आईने फुकट हक्कसोडपत्र द्यायचं, हे तर कोर्टाला सांगूही नका.

पेपरातल्या नोटिशीने दावे आले तर कळतात. आले नाहीत म्हणजे हक्क संपले असं नसतं, आणि बदलापूरची नववीतली मुलगी सकाळी जाहीर नोटिसा वाचत नाही.

माजी_सेक्रेटरी

वहिनीला कुणी सांगितलंय का की तिच्या पोरीचे २१ लाख आहेत म्हणून? का तिलाही ते काकूंकडूनच कळणार?

कमिशनवाला

बरं, लहान मूल असेल तर मी पण हात लावत नाही. हे मान्य. जून जवळ आलाय तर भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट अकरा महिने वाढवा आणि ते पण रजिस्टर करा, ते कंपल्सरी आहे, घरमालक टाळतात. मुलुंडमध्येच बघायचं असेल तर पहिल्या मालकाकडून घ्या, थोडा भाव जास्त पडेल.

भाड्याच्या_घरातला

अपडेट देतो. रविवारी विक्रेत्याला सरळ सांगितलं की बहीण, वहिनी आणि पोरीसाठी कोर्टाची परवानगी, तिन्ही झाल्यावर फोन करा, घर आवडलंय, भाव तोच देईन, सगळा चेकने. तो म्हणाला एवढं कोण करत बसणार, पुण्याची पार्टी तयार आहे. म्हटलं शुभेच्छा. निघताना काकूंना सांगून आलो, त्यांच्याकडे वहिनीचा नंबर आहे. पुढचं त्या बघतील, त्या बघण्यातल्याच आहेत.

टोकनसाठी ब्रोकरला मॅडमनी सांगितलं तसं व्हॉट्सअ‍ॅप केलं, थोरल्या भावाचं लपवलं हे पण लिहिलं. तीन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. मग लिहिलं की पोलीस स्टेशनला तक्रार देतोय. आज सकाळी जीपे वाजला, ५० हजार. एक हजार कशाचे कापले विचारलं तर म्हणे पेट्रोल.

गणितमास्तर

मुलुंड ते मुलुंड?

भाड्याच्या_घरातला

चालत नेलं होतं त्याने मला. स्टेशनपासून.